आकडा एक, जमिनी निराळ्या : मातीतल्या क्षारांविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात ज्या पत्रांत 'ईसी' हा शब्द आला, ती सगळी एकत्र घेतली आहेत. ईसी म्हणजे मातीच्या पाण्याची विद्युत वाहकता. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी वीज सहज वाहते, म्हणून या आकड्यावरून क्षारांचा अंदाज येतो. खाली जिथे एककाशिवाय आकडा दिला आहे तिथे तो डेसीसायमन प्रति मीटरमध्ये आहे असे समजावे.

प्रश्न : आमचं वावर जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली आहे, अंबड तालुक्यात. उताराच्या खालच्या टोकाला दीड-दोन एकरात उन्हाळ्यात पांढरं फुटतं आणि ऊस गुडघ्याएवढा राहतो. मृद आरोग्य पत्रिकेत मात्र ईसी ०.६२, 'सामान्य' असं लिहून आलंय. पत्रिका खोटी का जमीन खोटी?

उत्तर : दोन्ही खऱ्या आहेत. नमुना मात्र तुमच्या दुखण्याच्या जागेचा नाही. पत्रिकेच्या योजनेत बागायती भागात अडीच हेक्टरच्या चौकोनाला एक नमुना घेण्याची पद्धत होती. म्हणजे सव्वासहा एकराची माती एका पिशवीत आली. त्यात तुमचे दोन एकर खराब असले तरी बाकीच्या चांगल्या मातीत मिसळून आकडा खाली येणारच. दुसरी गोष्ट महिन्याची. खरीप निघाल्यावर नमुना घेतला तर पावसाने क्षार खाली नेलेले असतात. पुढे मार्च ते मे मध्ये जमिनीतलं पाणी केशाकर्षणाने वर चढतं, वाफ होऊन उडून जातं आणि क्षार वरच राहतात. त्याच जागेचा नोव्हेंबरचा आणि मेचा आकडा दुपटीने वेगळा आला तरी नवल नाही. म्हणून वर्षावर्षाची तुलना करायची असेल तर महिना बदलू नका.

नमुना पुन्हा घ्या, पण सगळ्या वावराचा एक नको. तीन जागा वेगळ्या धरा : जिथे पांढरं फुटतं ती, तिच्या कडेची जिथे पीक नुसतं खुरटलं आहे ती, आणि वरची चांगली. प्रत्येक जागी खड्डा किमान तीन फूट घ्या. पांढरी पोपडी असेल तर वरचा एक-दोन सेंटिमीटर थर खुरप्याने खरवडून वेगळ्या पिशवीत ठेवा. बरेच जण तो 'घाण' म्हणून फेकतात आणि काही जण मातीतच मिसळतात. पहिल्या चुकीने आकडा कमी येतो, दुसरीने भलताच जास्त. मग चार थर : ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटर.

भारी काळ्या रानात उन्हाळ्यात एक फसगत ठरलेली. भेगा दोन-अडीच फूट खोल जातात आणि वरची खारी माती भेगेतून खाली पडते. गिरमिटाने काढलेला खालचा नमुना त्यामुळे खारा दिसतो. म्हणून खड्ड्याची एक भिंत फावड्याने ताजी तासून घ्या, भेग टाळा आणि माती खालच्या थरापासून सुरू करून वर या. वरून सुरुवात केली की प्रत्येक घावाला वरची माती खालच्या थरावर झडते.

चारही आकडे एकाखाली एक लिहा. वर जास्त आणि खाली उतरत गेलेले असतील तर क्षार खालून वर येत आहेत, म्हणजे पाणी तुंबलेलं आहे. वर कमी आणि खाली वाढत गेलेले असतील तर क्षार पाण्याबरोबर धुऊन खाली जात आहेत, जमीन सुधारण्याच्या वाटेवर आहे. खात्रीसाठी खालच्या अर्ध्याला भोकं पाडलेला दोन मीटरचा पीव्हीसी पाईप जमिनीत उभा पुरा, भोवती जाड वाळू भरा आणि मे महिन्यात दोरीला वजन बांधून पाणी किती खाली आहे ते मोजा. दीड मीटरच्या आत पाणी लागलं तर आधी निचऱ्याचा चर किंवा जमिनीखालचा सच्छिद्र पाईप. जिप्सम, शेणखत, औषध हे सगळं त्यानंतर. निचरा नसलेल्या रानात टाकलेला पैसा त्याच रानात मुरतो.

प्रश्न : बाजारात पेनासारखा ईसी मीटर मिळतो. त्याने घरी माती तपासता येईल का? का प्रयोगशाळेतच पाठवावी?

उत्तर : क्षार किती आहेत एवढं घरी उत्तम कळतं. कोणते क्षार आणि सोडियम किती, त्याला प्रयोगशाळाच हवी. घरचा मीटर वर्षभर, जागोजाग आणि थरोथर मोजायला सोयीचा. प्रयोगशाळेत मग त्यातले दोन-चार निवडक नमुने पाठवा.

माती सावलीत वाळवा, लाकडी ठोकळ्याने फोडा आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. चुनखडीचे खडे फोडून मातीत घालू नका, ते चाळणीवर राहू द्या. नमुना जास्त असेल तर पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. रिकाम्या खताच्या गोणीवर माती वाळवायची नाही. युरिया वीज वाहू देत नाही, पण पोटॅश आणि मिश्रखताचे चार कण आकडा बिघडवायला पुरेसे असतात.

आता २० ग्रॅम माती आणि ५० मिली पाणी. याला एकास अडीच प्रमाण म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा याच प्रमाणात मोजतात, पण अहवालावर खात्री करून घ्या. काही ठिकाणी एकास दोन किंवा एकास पाच असतं आणि मग आकड्यांची तुलनाच होत नाही. ग्रॅम सोनाराच्या छोट्या काट्यावर मोजा, स्वयंपाकघरातल्या काट्याला पाच ग्रॅमचा फरक कळत नाही. पाणी ऊर्ध्वपातित हवं. ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी चालतं, पण आधी मीटर त्यात बुडवून बघा. ०.०१ च्या आसपास असेल तर ठीक. घरच्या आरओचं पाणी ०.१ ते ०.३ सुद्धा दाखवतं, आणि बोअरचं पाणी घेतलं तर तुम्ही माती नाही, बोअर मोजत आहात.

बाटलीचं झाकण लावून अर्धा तास थोड्या थोड्या वेळाने हलवा, मग रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी वरच्या नितळ पाण्यात मीटर बुडवा. गाळात टोक रुतवू नका, चिकणमाती इलेक्ट्रोडवर बसली की आकडा सरकत राहतो. एका नमुन्याच्या दोन बाटल्या करा आणि दोघींत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर दोन्ही ओता, पुन्हा करा. सामूही (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचा आकडा) त्याच बाटलीत मोजणार असाल तर ईसी आधी. सामूच्या इलेक्ट्रोडमधून पोटॅशियम क्लोराइड हळूहळू पाझरतं आणि चांगल्या मातीचा कमी असलेला आकडा त्याने फुगतो.

मीटर दर वेळी जुळवून घ्यावा. १.४१३ च्या प्रमाण द्रावणाच्या पुड्या किंवा बाटल्या मिळतात. ते द्रावण म्हणजे लिटरभर शुद्ध पाण्यात ०.७४६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. शेतातलं पोटॅश खत त्याला चालत नाही. वापरून झालेलं द्रावण परत बाटलीत ओतू नका.

राहिलं तापमान. ईसी २५ अंश सेल्सिअसला सांगायचा असतो आणि दर अंशाला तो साधारण दोन टक्क्यांनी वाढतो. मेमध्ये परभणीत पत्र्याच्या खोलीतल्या बाटलीचं पाणी ४० अंशांवर असतं. पंधरा अंश जास्त म्हणजे तीस टक्के फुगवटा. ०.९ ची माती १.१७ दिसते आणि 'सामान्य'मधून उठून 'सावध'मध्ये जाऊन बसते. तापमानाची आपोआप दुरुस्ती करणारा मीटर घ्या, तरी टोक पाण्यात मिनिटभर ठेवूनच वाचा. आतल्या तापमापकाला तेवढा वेळ लागतो.

प्रश्न : माझा मीटर ६४० दाखवतो, शेजाऱ्याचा १.०. पाणी एकच, डबाही एकच. कोणाचा बिघडलाय?

उत्तर : कोणाचाच नाही. तुमचा पीपीएम दाखवतो, त्यांचा ईसी. १ डेसीसायमन म्हणजे १००० मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटर, आणि त्यात साधारण ६४० पीपीएम क्षार धरतात. पण काही कंपन्या मीटरमध्ये ५०० ने गुणतात, काही ७०० ने, म्हणून पीपीएम सांगायचंच नाही. मीटरचं बटण दाबून ईसीवर ठेवा आणि तोच लिहा.

प्रश्न : प्रयोगशाळेने माझ्या मातीचा ईसी १.६ दिला आणि 'संवेदनशील पिकांना हानिकारक' असा शेरा मारला. एका तक्त्यात सोयाबीन ५ पर्यंत तग धरतं असं आहे. मग हानी कसली? (तालुका औंढा नागनाथ)

उत्तर : तक्ता बरोबर आहे, पण त्यातला ५ आणि तुमचा १.६ हे वेगळ्या मापाचे आहेत. पिकांच्या सहनशीलतेचे तक्ते 'संपृक्त लगद्या'च्या अर्कावर बेतलेले असतात. मातीत थेंब थेंब पाणी घालत ती चकाकेपर्यंत, चमचा कलता केल्यावर हळूच घसरेल इतपत मळतात आणि त्यातलं पाणी ओढून काढून मोजतात. भारी काळ्या मातीला १०० ग्रॅमला साधारण ६५ मिली पाण्यात हा लगदा होतो. एकास अडीच प्रमाणात मात्र १०० ग्रॅमला २५० मिली पाणी पडतं. म्हणजे तेच क्षार जवळपास पावणेचारपट पातळ झाले. तुमचा १.६ लगद्याच्या मापात ६ च्या आसपास निघतो आणि सोयाबीनची हद्द ओलांडली जाते. सोयाबीनचं असं आहे की ५ पर्यंत ते काही बोलत नाही, पुढे मात्र दर एका एककाला वीस टक्के उत्पादन सोडतं. कापसाची हद्द ७.७ आहे आणि त्यापुढची घटही दर एककाला पाच टक्क्यांचीच. म्हणून त्याच बांधाच्या अलीकडे सोयाबीन पिवळं आणि पलीकडे कपाशी हिरवी दिसते. गहू ६ पर्यंत, ज्वारी ६.८ पर्यंत, मका आणि ऊस १.७ पर्यंतच, कांदा १.२. ही सगळी मोठ्या झालेल्या पिकाची सहनशक्ती आहे, उगवणीचं कोवळं रोप याहून नाजूक.

पावणेचार हा गुणक डोळे मिटून सगळीकडे लावू नका. मातीत जिप्सम असेल तर जास्त पाण्यात जास्त जिप्सम विरघळतं आणि गुणाकार फुगतो. निर्णय मोठा असेल, बाग लावायची असेल तर प्रयोगशाळेला 'संपृक्त अर्क करा' असं लेखी सांगा.

प्रश्न : मोसंबीला ठिबक आहे. ड्रिपरखालची माती तपासली तर ईसी छान येतो, तरी पानांची टोकं जळतात.

उत्तर : ड्रिपरखाली तो छानच येणार. तिथून क्षार रोज ढकलले जातात आणि ओलाव्याच्या गोल कडेला जाऊन साचतात. ओलं आणि कोरडं जिथे भेटतं तिथला नमुना घ्या, वरचे पाच सेंटिमीटर वेगळे. जूनच्या पहिल्या हलक्या सरीने ही कडेची रांगोळी मुळ्यांत उतरते, म्हणून पाऊस पडत असतानाही ठिबक चालू ठेवावं लागतं. विचित्र वाटतं, पण मोठा पाऊस होईपर्यंत बंद करू नका.

प्रश्न : चोपण जमिनीत जिप्सम टाकलं. चार महिन्यांनी तपासलं तर ईसी ०.८ वरून १.९ झालाय. जमीन आणखी बिघडली का?

उत्तर : नाही. जिप्सम स्वतः एक क्षारच आहे. लिटरभर पाण्यात ते सुमारे अडीच ग्रॅम विरघळतं आणि तेवढ्याने ईसी २.२ पर्यंत जातो. तुम्ही मोजलेला वाढीव भाग बहुतेक त्याचाच. चोपणपणा, म्हणजे सोडियममुळे जमीन घट्ट होऊन पाणी न मुरणं, ईसीने कळतच नाही. त्याला मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण बघावं लागतं. पुस्तकात त्याची हद्द १५ टक्के आणि सामू ८.५ च्या वर अशी असते. आपल्या चिकण काळ्या मातीत मात्र पाच-सहा टक्क्यांनाच पाणी मुरणं मंदावतं.

घरी बघायचं असेल तर वाळलेलं, वाटाण्याएवढं ढेकूळ बॅटरीच्या पाण्याच्या पेल्यात अलगद सोडा. हलवू नका. ढेकूळ फुटून ढीग झाला आणि भोवतीचं पाणी नितळ राहिलं तर ती नुसती विरणारी माती. ढिगाभोवती दुधासारखं धुकं पसरत गेलं आणि दोन तासांनीही बसलं नाही तर सोडियम बोलतंय. घरच्या मीटरच्या प्रश्नातल्या बाटलीतही हेच दिसतं : खारट मातीचं पाणी रात्रभरात आरशासारखं निवळतं, चोपण मातीचं सकाळीही गढूळ असतं. कारण क्षार चिकणमातीच्या कणांना एकत्र आणतात, सोडियम त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतं.

याच कारणाने क्रम महत्त्वाचा. जमीन खारीही आणि चोपणही असेल आणि तुम्ही जिप्सम न टाकता नुसतं पाणी कोंडून धुतलीत, तर मोकळे क्षार जातील, चिकटलेलं सोडियम राहील आणि रान सिमेंटसारखं होईल. आधी जिप्सम वरच्या दहा-पंधरा सेंटिमीटरमध्ये मिसळायचं, मग पाणी. पुढची तपासणी पावसाळा संपल्यावर.

प्रश्न : मी परभणीला कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अंदमान आणि लक्षद्वीपमधल्या जमिनींच्या क्षारतेवर अभ्यास करायचा आहे. इथे शिकलेली पद्धत तिथे तशीच वापरू का?

उत्तर : उपकरणं तीच, पण बरेच हिशेब बदलतील.

आपल्याकडचे क्षार कालव्याच्या आणि बोअरच्या पाण्यातून, खडक झिजून, संथ जमतात. बेटावर समुद्र एका दिवसात आणून टाकतो. समुद्राच्या पाण्याचा ईसी ५० च्या वर असतो, लिटरला ३५ ग्रॅम मीठ. त्यात कॅल्शियमपेक्षा मॅग्नेशियम तिप्पट आहे, म्हणून तिथे सोडियमबरोबर मॅग्नेशियमही मोजावं लागेल. उलट पोर्ट ब्लेअरला वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या तिपटीहून जास्त, आणि तो धुतोही तेवढ्याच जोराने. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर हेच दिसलं. जिथे समुद्र येऊन परत गेला तिथे पुढच्या पावसाळ्यांनी बरंचसं मीठ नेलं. जिथे जमीनच खचली, तिथे भरतीचं पाणी रोज येत राहिलं आणि धुण्याला अर्थ उरला नाही. दक्षिण अंदमानचा किनारा सुमारे मीटरभर खाली गेला, निकोबारच्या टोकाचा इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त. म्हणून तिथे ईसीआधी विचारायचा प्रश्न : भरती इथे येते का?

लक्षद्वीपची जमीन म्हणजे पोवळ्यांची चुनखडी वाळू. तिचा लगदा १०० ग्रॅमला २५-३० मिली पाण्यातच होतो. म्हणजे एकास अडीचला तिथला गुणक नऊच्या घरात जातो. हा एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : बाटलीत ०.५ आला तर परभणीच्या काळ्या मातीत तो लगद्याचा २ धरायचा, पोवळ्याच्या वाळूत साडेचार. इथली चांगली जमीन आणि तिथली खारी जमीन, मीटरवर दोघींचा आकडा एक. शक्य असेल तर तिथे लगद्याचाच अर्क करा.

खारफुटीच्या कडेची काळपट, अंड्यासारखा वास येणारी माती वाळवायला ठेवू नका. तिच्यात लोहाचं सल्फाइड असतं. हवा लागली की गंधकाम्ल तयार होतं, सामू ४ च्या खाली घसरतो आणि ईसी वाढतो. मग तुम्ही जमीन नाही, वाळवण मोजता. सामू जागेवरच ओल्या मातीत घ्या, पिशवीतली हवा दाबून काढा आणि बर्फात ठेवून न्या. वाळल्यावर पुन्हा मोजा. दोन आकड्यांमधला फरक हेच तिथलं निदान.

नमुन्यांची ओळ किनाऱ्याला काटकोनात आत न्या : भरतीची रेषा, मग १०, २५, ५०, १०० मीटर, पुढे अंतर वाढवत. समांतर गेलात तर सगळे नमुने सारखेच खारे. विहिरी बघाल तर पाणी वरून, मधून आणि तळातून वेगळं घ्या, आणि वेळ भरतीची की ओहोटीची ते लिहा. बेटाखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर ते १ मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटर, हा हिशेबातला आदर्श. छोट्या बेटावर प्रत्यक्षात मिसळणीचा थरच जाड असतो, म्हणून एका पंपाने जास्त उपसा झाला की तळातून खारं पाणी वर येतं.

प्रश्न : बोअरचा ईसी २ आहे. पाणी चवीला तर बरं लागतं. चालेल का? (तालुका गेवराई)

उत्तर : चव बाजूला ठेवा, वजन करा. ईसी २ म्हणजे लिटरला सुमारे १.२८ ग्रॅम क्षार. एकराला पाच सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे दोन लाख लिटर पाणी. म्हणजे एका पाळीला अडीचशे किलो, पन्नास किलोच्या पाच गोण्या मीठ तुम्ही वावरात ओतता. पाच पाळ्या दिल्यात तर सव्वा टन. रान उथळ मुरमाड असेल आणि खाली निचरा असेल तर पावसाळा यातलं बरंच नेतो आणि कपाशी, ज्वारी निभावून जाते. भारी काळं, सखल रान असेल तर हे पाणी तिथे नको. त्याआधी पाण्याची कार्बोनेटसह तपासणी करून घ्या : शिल्लक सोडियम कार्बोनेट (अहवालात 'आरएससी') लिटरला अडीच मिलीइक्विव्हॅलंटच्या वर निघालं तर ईसी कितीही कमी असला तरी ते पाणी जमीन चोपण करतं.

प्रश्न : बांधालगत पांढरं दिसतं ते मीठ का चुनखड, कसं ओळखावं?

उत्तर : दोन थेंब लिंबू पिळा. फसफसलं तर चुनखड. न फसफसता शांत राहिलं, तर चमचाभर पांढरी माती कपभर बॅटरीच्या पाण्यात ढवळून मीटर बुडवा. मीठ असेल तर आकडा लगेच २-३ च्या पुढे पळतो, चुनखड तळाशी बसून राहते. दोन्हीही असू शकतात, त्यामुळे फसफसलं तरी मीटर बुडवायचा आळस करू नका.